छान झालीय

“मंदे, ही आमटी आहे की गुळवणी?”

आवाज ओसरीवरून आला आणि स्वयंपाकघरात पळी हातात धरून उभी असलेली मी थिजून गेले. माझ्या लग्नाला आठवडासुद्धा झाला नव्हता. बाहेर सासरे आणि हे जेवायला बसले होते. सासऱ्यांनी खोकल्यासारखं करून हसू गिळलं. “नाही, गुळवणी असेल तर तसं सांग,” आवाज पुढं म्हणाला, “म्हणजे पुरणपोळीची वाट बघतो.”

तो आवाज माझ्या थोरल्या नणंदेचा, वन्संचा. कराडच्या टेलिफोन एक्स्चेंजात त्या ऑपरेटर होत्या आणि सारा तालुका त्या आवाजाला ओळखून होता. ट्रंककॉलवर कुणी फार आरडाओरडा केला, की वन्सं मध्येच म्हणायच्या, “एवढं ओरडायचं तर फोन कशाला? गच्चीवर जा, पुण्याला तसंच ऐकू जाईल.” लग्न केलं नव्हतं त्यांनी. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, “लाइन लागली नाही.”

त्यांचं नाव कालिंदी, माझं मंदाकिनी. सासरे म्हणायचे, कृष्णा आणि कोयना कराडात समोरासमोर येऊन भिडतात, तशा या दोघी. आपण काठावर बसून पाणी बघावं. माझं माहेर घाटाखाली, सावर्ड्याजवळ. तिकडं कोकम आणि गुळाचा खडा पडल्याशिवाय आमटीला आमटी म्हणत नाहीत. आणि इथं कांदा-लसूण मसाल्यानं नाकातून पाणी आलं नाही, तर जेवलो कुठं असं वाटणारी माणसं. आईनं मला पाठवताना जात्यावरची एक ओवी कानात घातली होती:

नणंदेचा बोल, किती मनामंदी ठेवू
मिरचीच्या वाफ्यामंदी, ऊस कसा गं मी पाहू

मीही मग बोल मनात ठेवले नाहीत. भांड भांड भांडलो आम्ही. पापड कुठं वाळत घालायचे यावरून, रेडिओ किती मोठा यावरून. भांडण झालं, की संध्याकाळी ड्यूटीवरून येताना वन्सं अबोलीचा गजरा आणायच्या आणि माझ्याकडं न बघता माझ्या केसात खुपसायच्या. टोचेल असा.

मग त्यांच्या डोळ्यांपुढं धूर यायला लागला. काही दिवसांनी डाव्या पायातली चप्पल वाटेत निसटून राहायची आणि त्यांना घरी आल्यावर कळायचं. मिरजेच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरॉसिस. म्हणाले, मेंदूतून निघणाऱ्या तारांवरचं आवरण झिजतं, निरोप वाटेत अडकतो. वन्सं हसल्या. “जन्मभर लोकांच्या लाइनी जोडल्या आणि माझीच बिघडली होय?” पुढं कितीतरी दिवस पाय उचलेना झाला, की म्हणायच्या, “थांब गं मंदे, लाइन बिझी आहे.”

नंतर ती थट्टाही बंद झाली. थकवा असा यायचा, की केस विंचरून झाले की पुन्हा आडवं व्हावं लागे. ऊन तर वैरीच. उन्हं तापली की हातपाय पिठाचे व्हायचे. नोकरी सुटली, चाकाची खुर्ची आली, सासरे गेले. हात कापायला लागला तेव्हा घास तोंडाशी पोचेपर्यंत अर्धा अंगावर सांडायचा आणि उरलेला गार व्हायचा. मग एक दिवस चमचा मी माझ्या हातात घेतला. चमचा ओठांशी नेला की त्या तोंड उघडायच्या.

“कशी झालीय आमटी?”

“छान झालीय.”

पहिल्यांदा तो शब्द ऐकला, तेव्हा मी मोरीत जाऊन रडले. सुखानं. इतक्या वर्षांनी माझ्या हातची आमटी नणंदेला गोड लागली म्हणून.

मग सगळंच छान झालं. पाणी फार गार आहे का, वन्सं? छान आहे. उशी टोचते का? छान आहे. शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, कालिंदी किती निवळली गं, आजारपणानं माणसाचा देव होतो. मीही मान डोलवायचे. जात्याची वरची तळी फिरताना सगळ्यांना दिसते, खालची नुसती झिजत राहते. त्या दिवसांत मला वाटायचं, ती खालची तळी मी. उठवा, धुवा, भरवा, कूस बदला, पुन्हा उठवा. कुणी विचारलं तर मीही म्हणायचे, छान चाललंय.

हे नोकरीला होते त्या साखर कारखान्याचा गाळप हंगाम चालू होता. हे अंधारात जायचे आणि अंधारात यायचे. एका दुपारी वन्संना खुर्चीवरून पलंगावर घेताना माझ्या कमरेत वीज चमकली आणि आम्ही दोघी एकमेकींचे हात धरलेल्या तशाच खाली बसलो, मोडलेल्या फुगडीसारख्या. मला उठता येईना, त्यांना तर येणारच नव्हतं. शेजारचं कुणी हाकेला येईपर्यंत भिंतीला टेकून नुसत्या बसून राहिलो. वन्संचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. त्या एवढंच म्हणाल्या, “लागलं का गं तुला?”

डॉक्टर घरी आले. माझी कंबर बघून म्हणाले, “पंधरा दिवस वाकायचं नाही, काही उचलायचं नाही. माहेर आहे ना? जा. नाहीतर या घरात दोन पलंग लागतील आणि करायला कुणी नसेल.”

मी वन्संकडं बघितलं. त्या छताकडं बघत होत्या.

“जा की,” त्या म्हणाल्या.

“आणि तुम्ही?”

“मला ठेव कुठंतरी. छान होईल.”

ठेव. भांडं ठेवतात तसं. तो शब्द मला लागला. पण कमरेतली कळ त्याहून मोठी होती.

ह्यांनी रविवारी गाडी ठरवली आणि आम्ही तिघं जागा बघायला निघालो. पहिली जागा हमरस्त्याला लागून होती. फरशी अशी लख्ख, की आपलं तोंड दिसावं. पलंगांची रांग, पांढऱ्या चादरी, कुठं आवाज नाही. मला त्या शांततेतच झोप यायला लागली. तिथले व्यवस्थापक माझ्याशी बोलत होते, वन्संच्या डोक्यावरून. “पेशंट चालतो का? जेवण भरवावं लागतं का? डायपर आम्ही सगळ्यांनाच लावतो, म्हणजे रात्री कुणाला त्रास नको.”

“त्यांना कळतं हो,” मी म्हटलं. “वेळेवर नेलं तर लागत नाही.”

“असू द्या. सोयीचं पडतं.” मग त्यांनी खिडकीजवळच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं, “काय काका, कसं वाटतं आमच्याकडं?”

काकांनी त्यांच्याकडं बघितलं, मग दारात उभ्या असलेल्या मदतनिसाकडं. “छान,” ते म्हणाले.

पलीकडच्या आजी न विचारता म्हणाल्या, “छान आहे. सगळं छान आहे.”

गाडीत बसल्यावर मी ह्यांना म्हटलं, “इथंच ठेवू. किती स्वच्छ आहे.”

“तिथं नको,” मागून वन्सं म्हणाल्या.

आम्ही दोघांनी वळून पाहिलं. कितीतरी वर्षांत त्यांनी कशाला नको म्हटलं नव्हतं.

“का हो वन्सं? सगळे छान म्हणत होते.”

“हं,” त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटून घेतले.

दुसरी जागा पाटणच्या वाटेवर, उसाच्या फडाला लागून. लांबट, कौलारू इमारत, कधीकाळची शाळा असावी. भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर बांबू ठोकलेला, धरून चालायला. हातांनी हातांनी काळा तुळतुळीत झालेला. खिडक्यांना वाळ्याचे पडदे, त्यांच्यावर नुकतंच पाणी मारलेलं. ते सगळं नंतर आठवलं. तेव्हा मला आधी ऐकू आला तो आरडाओरडा.

“हमीदा! हा चहा आहे की चिखल?” आतून एक बाई ओरडली.

“चिखलच आहे!” स्वयंपाकघरातून उत्तर आलं. “बसा बघत, कमळ उगवेल!”

मी ह्यांच्याकडं बघितलं. आजारी माणसांशी ही कसली भाषा? वन्संच्या ओठाचा कोपरा हलल्यासारखा वाटला, पण तो अधूनमधून आपोआपही हलायचा.

थोरवत सिस्टर ही जागा चालवायच्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, ठेंगण्या, चष्मा दोरीनं गळ्यात बांधलेला. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. स्टूल ओढून त्या वन्संच्या खुर्चीसमोर बसल्या, डोळ्याला डोळा लागेल अशा.

“दिवसातली कुठली वेळ तुमची बरी असते, ताई?”

वन्संनी माझ्याकडं पाहिलं. मी तोंड उघडलं.

“त्यांना सांगू द्या,” सिस्टर म्हणाल्या. “आपल्याला कुठं गाडी पकडायचीय?”

वन्संची जीभही तेव्हा जड झाली होती. शब्द यायला वेळ लागायचा, तो शब्द येण्याआधी मीच बोलून मोकळी व्हायचे. आता सगळे थांबले. बाहेर कुणीतरी बादली ठेवली. एक कोंबडी येऊन गेली.

“सकाळची,” वन्सं म्हणाल्या. “चहानंतर. दुपारी काही... राहत नाही.”

“मग सकाळी आंघोळ नको. चांगली वेळ आंघोळीत कशाला घालवायची? आंघोळ संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, साध्या पाण्यानं. सकाळी तुम्हाला जे करायचं ते करा. काय करायला आवडेल?”

वन्संनी पुन्हा माझ्याकडं पाहिलं. आम्ही सकाळी आंघोळ करायचो.

“संडासचं?”

“कळतं. थांबता येत नाही.”

“मग हाक मारायची. आम्ही उशीर केला तर शिवी द्यायची.” सिस्टरनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “आणि राग कशाचा येतो तुम्हाला?”

“मला राग येत नाही.”

“असं होय?” सिस्टर उठल्या, स्टूल जागेवर ठेवलं. “येईल हळूहळू.”

मला ती बाई आवडली नाही. पण वन्सं म्हणाल्या, “इथं.” आणि मी भांडायच्या अवस्थेत नव्हते.

माहेरी मी झोपले. दुसरं काही आठवत नाही. वहिनीनं मागच्या खोलीत चटई घातली, पाठीला शेक दिला. फणसाच्या झाडाखालून वारा यायचा. पण अंगाला सवय अशी लागलेली, की झोपेतच मी उठून बसायचे, हात पुढं करायचे आणि हातात कुणीच नसायचं. वहिनी म्हणायची, “वन्सं, अहो, माहेरी आलाय ना? निजा.” तिच्या तोंडून तो शब्द ऐकला, की माझ्या लक्षात यायचं, इथं मी नणंद आहे. आई असती तर म्हणाली असती:

माझ्या गं माहेरी, वाटेला चिंच दाट
थकल्या लेकीची गं, सावली पाहे वाट

सावली होती. पण एक डोळा घाटावर लागलेला.

आठवडा उलटल्यावर भावाच्या फोनवरून मी सिस्टरांकडं फोन लावला. पलीकडं गडबड ऐकू येत होती, भांडी, हसणं. मग वन्सं आल्या.

“कशा आहात, वन्सं?”

मी तो शब्द ऐकायला कान तयार ठेवले होते.

“चहा पांचट,” वन्सं म्हणाल्या.

मला वाटलं, लाइन खराब आहे. “काय म्हणालात?”

“पांचट. आणि भाकरी... जाड. सांगून सांगून दमले.” मग थोडं थांबून, “त्या हमीदानं केस ओढले विंचरताना. ठेवते. मागं रांग आहे.”

मी रिसीव्हर हातात घेऊन उभी राहिले. वहिनीनं विचारलं, “काय झालं?”

“हाल चाललेत तिथं त्यांचे.”

“अहो, चहाच तर पांचट म्हणाल्या.”

“तुला नाही कळायचं. उशी टोचत असताना छान म्हणणारी बाई आहे ती. आजारी पडल्यापासून तक्रारीचा एक शब्द नाही. ती चहा पांचट म्हणते म्हणजे काय होत असेल विचार कर!”

वहिनी अडवत होती, भाऊ अडवत होता. मी पहिल्या एस.टी.त बसले. कुंभार्ली घाटातल्या प्रत्येक वळणावर कमरेत सुरी फिरत होती. मनात एकच: ठेवून आले. भांडं ठेवावं तशी ठेवून आले.

त्या लांबट घराच्या फाटकाशी पोचले, तेव्हा उन्हं टळटळत होती. कडीला हात घातला आणि आतून तो आवाज आला. जड झालेला, मध्येमध्ये तुटणारा, पण तोच. टेलिफोन एक्स्चेंजातला. ओसरीवरचा.

“ओतायचं... मी. तू लांब हो!”

“सांडेल ना ओ बाई!” दुसरा आवाज, हमीदाचा.

“सांडू दे! जमीन काय तुझ्या बापाची आहे?”

“बापाची नाही, पण पुसणार मीच की!”

मी धावले. धावू नको म्हणून सांगितलेल्या कमरेनं धावले. जेवणघरात वन्सं टेबलाशी बसलेल्या, समोर ताक सांडलेलं, हातात तांब्या, तो थरथरतोय. हमीदा म्हणजे एक उंच, हाडकुळी बाई, कमरेवर हात ठेवून उभी. आणि बाकीची चार माणसं आपापल्या खुर्च्यांत बसून कुस्तीचा फड बघावा तशी बघत होती.

“कुणाशी बोलताय तुम्ही?” मी हमीदावर ओरडले. “आजारी माणूस आहे ते. असं बोलतात होय आजारी माणसाशी?”

हमीदानं कमरेवरचे हात खाली घेतले. वन्संनी मान वळवायला वेळ घेतला. माझ्याकडं बघितलं, तर डोळ्यांत कितीतरी वर्षांनी ठिणगी.

“मंदे,” त्या म्हणाल्या, “तू मध्ये पडू नकोस. भांडण माझं आहे.”

मी तिथंच बाकावर बसले. वन्संनी पुन्हा तांब्या उचलला. हमीदानं वाटी किंचित पुढं सरकवली, एवढीच. तांब्याला हात लावला नाही. धार वाटीच्या बाहेर पडली, मग काठावर, मग आत. खुर्चीतल्या एका गृहस्थांनी टाळी वाजवल्यासारखं केलं.

“आता पी,” हमीदा म्हणाली, “आणि म्हण पांचट.”

“पांचटच आहे. मीठ कुठाय?”

थोरवत सिस्टरनी मला बाहेर नेलं, वाळ्याच्या पडद्याच्या गारव्यात बसवलं, हातात चहाचा कप दिला.

“घेऊन जायला आलात?”

मी मान हलवली. होय की नाही, माझं मलाच कळलं नाही.

“पहिले तीन दिवस बाई फक्त छान म्हणत होत्या,” सिस्टर म्हणाल्या. “भात कच्चा राहिला होता, तरी छान. मला घोर लागला होता हो. चौथ्या दिवशी हमीदाला म्हणाल्या, केस ओढू नकोस, माझं डोकं आहे, सुंभ नाही. तेव्हा माझ्या जिवात जीव आला.” त्यांनी माझ्या कमरेखाली उशी सारली. “ठरलेले दिवस राहू द्या त्यांना. आणि तुम्ही परत जा आणि निजा. चेहरा बघा आपला.”

मी चहाचा घोट घेतला. खरंच पांचट होता.

निघताना वन्संना म्हटलं, “येऊ का मग मी?”

“जा की,” त्या म्हणाल्या. तेच दोन शब्द. पण या वेळी त्या छताकडं बघत नव्हत्या. बांबूकडं बघत होत्या, दुपारची झोप झाल्यावर तो धरून उभं राहायचं ठरलेलं होतं म्हणे.

ठरलेल्या दिवशी आम्ही त्यांना घरी आणलं. काही चमत्कार झाला नव्हता. पाय तसेच होते, हात तसाच कापत होता. गाडीतच थकून त्यांची मान ह्यांच्या खांद्यावर पडली. माझी कंबर मात्र जरा वळती झाली होती. संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी मन लावून आमटी केली. माझ्या हातची, कोकम आणि गुळाचा खडा घालून. इतके दिवस जाड भाकरी आणि पांचट चहावर काढलेत, म्हटलं, आज त्यांच्या आवडीचं होऊ दे.

ताट मांडलं. त्यांच्या शेजारी बसले, भात कालवला आणि सवयीनं चमचा भरून पुढं केला.

वन्संनी तोंड उघडलं नाही. “माझी पिशवी दे.”

पिशवीतून त्यांनी एक चमचा काढला. त्याच्या दांड्यावर सायकलच्या हँडलची रबरी मूठ चढवलेली, जाडजूड, बोटं पुरती मिटली नाहीत तरी धरता येईल अशी. तो आज माझ्या फडताळात आहे. वन्संना जाऊन बरीच वर्षं झाली, तरी तो मी कुणाला काढू दिला नाही.

त्यांनी चमचा वाटीत बुडवला. उचलला. हात थरथरत वर आला, आमटी ठिबकत आली, ताटावर, पदरावर. हे घास थांबवून बघत होते. मी माझे दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, नाहीतर ते आपणहून पुढं गेले असते. चमचा ओठांना लागेपर्यंत त्यात जेमतेम अर्धा घास उरला. तो त्यांनी जिभेवर घेतला, घोळवला, गिळला.

“मंदे.”

“काय, वन्सं?”

“ही आमटी आहे की गुळवणी?”

हे खोकले, अगदी सासरे खोकायचे तसे. मला हसावं का रडावं कळेना.

“अहो पण वन्सं, तुम्ही तर रोज म्हणायचात, छान झालीय. इतकी वर्षं, रोज!”

त्यांनी चमचा पुन्हा वाटीत सोडला आणि दांड्यावरची बोटं एकेक करून घट्ट केली. मग माझ्याकडं बघितलं. शब्द यायला वेळ लागला. या वेळी मी मध्ये बोलले नाही.

“इतकी वर्षं,” वन्सं म्हणाल्या, “चमचा तुझ्या हातात होता, मंदे.”